उगीच काही बंद पडत नाही

आपल्याकडे काही बिघडले की पहिला शब्द तोंडात येतो तो 'उगीच'. पोर उगीच किरकिर करते, मोटार उगीच गचके खाते, सासूबाई उगीच अबोला धरतात. या शब्दाची मोठी सोय अशी, की तो उच्चारला की चौकशीचे काम संपते. कारणच नाही म्हटल्यावर शोधायचे काय? या 'उगीच'च्या यादीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे टेबलावरचा संगणक. चांगला चालता चालता तो एकाएकी बंद होतो. पडदा काळा, पंख्याचा आवाज थांबलेला आणि समोरचा माणूस कळफलकावर बोटे ठेवून तसाच बसलेला. मग तो इकडेतिकडे पाहून म्हणतो, "उगीच बंद पडला हो!"

माझे आयुष्य ज्या नोकरीत गेले, तिथे 'उगीच' या शब्दाला जागा नव्हती. बँकेत संध्याकाळी जमा आणि नावे यांचा मेळ लागला नाही, तर फरक उगीच आला असे म्हणून घरी जाता येत नसे. जुने हेडक्लार्क फरकाच्या आकड्याकडे नुसते बघत आणि निम्मे निदान करून टाकत. फरकाला नऊने पूर्ण भाग जातो का? मग कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिले आहेत, ४५० च्या जागी ५४० पडले आहेत. फरकाची निम्मी रक्कम दिवसभरातल्या एखाद्या व्हाउचरशी जुळते का? मग ते व्हाउचर जमेऐवजी नावे पडले आहे. फरकच आपला पत्ता सांगतो, फक्त तो विचारावा लागतो. अगदीच सापडला नाही तर ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकत. पण ते खाते म्हणजे शाखेच्या अब्रूवरचा डाग समजला जाई. आज गावोगावच्या संगणकांचे निम्मे आजार आपण सस्पेन्स खात्यात टाकलेले आहेत, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी आखाडा बाळापूरला जावे लागेल.

आखाडा बाळापूर हे नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले बाजाराचे गाव. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा ते नव्या जिल्ह्यात आले. भोवताली काळी जमीन. हळद, सोयाबीन, कापूस. माझ्या एका भाच्याचे तिथे सेवा केंद्र आहे. पत्र्याच्या छपराची एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स यंत्र आणि बाहेर बाकावर बसलेली माणसे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, पीक विमा. सरकारच्या बऱ्याच दारांची किल्ली आता या एका खोक्यात आहे. वाडीवस्तीवरचा माणूस रोज बुडवून येतो, तेव्हा तो संगणकाकडे येत नसतो, आपल्या हक्काच्या कागदाकडे येत असतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी यंत्र बंद पडले, तर त्याच्या घरचे एक वर्ष त्या काळ्या पडद्यात जाऊ शकते.

मे महिन्यात मी तिथे गेलो तेव्हा भाचा रडकुंडीला आला होता. "मामा, उगंच बंद पडायलंय बघा. दिवसातून दोन-तीनदा. लोक माझ्याकडं संशयानं बघायलेत."

तोवर तीन जाणकारांची मते घेऊन झाली होती. पहिल्याने विंडोज नव्याने टाकून दिले. दुसऱ्याने एसएमपीएस, म्हणजे खोक्यातली वीज पुरवणारी पेटी, बदलली. तिसऱ्याने मदरबोर्ड गेला असे सांगून नवा संगणक घ्यायचा सल्ला दिला. तिघांनीही पैसे घेतले, आणि तिघांपैकी एकानेही 'तो कधी बंद पडतो?' हा साधा प्रश्न विचारला नव्हता.

मी अभियंता नाही. पण बँकेत संगणक येताना माझ्या पिढीने पाहिला आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, १९९३ साली कर्मचारी संघटनांशी संगणकीकरणाचा करार झाला, आणि मग आमच्यासारख्या शाखांत यंत्रे दिसू लागली. त्यांच्यासाठी वेगळी खोली, वातानुकूलन आणि दाराबाहेर चपला काढण्याचा दंडक. शिपाई हसून म्हणायचा, "देव्हारा झाला साहेब." त्या सोवळ्याच्या मागे धूळ आणि उष्णता या दोन शत्रूंची धास्ती होती. पुढे यंत्र स्वस्त झाले, देव्हाऱ्यातून उतरले आणि पत्र्याखाली येऊन बसले. त्याचे शत्रू मात्र तेच राहिले.

मी भाच्याला दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि रकाने आखून दिले. बंद पडला ती वेळ. तेव्हा कोणते काम चालू होते. कसा बंद पडला. लाइटची काय स्थिती होती. खोलीत आणखी काय सुरू होते. नियम एकच: यंत्र पुन्हा चालू करण्याआधी नोंद करायची.

'कसा बंद पडला' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण बंद होण्याचे तीन प्रकार असतात आणि आपण तिन्हींना एकच नाव देतो. पहिला प्रकार म्हणजे रीतसर बंद होणे. पडद्यावर तशी सूचना येते, यंत्र आवराआवर करते आणि थांबते. यात यंत्राचा दोष नसतो, कुणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रॅमने त्याला तसा हुकूम दिलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे गोठणे, किंवा निळा पडदा दाखवून आपोआप पुन्हा सुरू होणे. इथे संशय रॅमवर, डिस्कवर किंवा ड्रायव्हरवर जातो. तिसरा प्रकार म्हणजे बटण दाबल्यासारखे एका क्षणात विझणे. हा बहुतेक वेळा उष्णतेचा किंवा विजेचा मामला असतो. नवे विंडोज टाकून तो बरा होत नाही. फाटलेल्या खिशात नवे पाकीट ठेवण्यासारखेच ते.

शिवाय विंडोज स्वतःही एक रोजकीर्द ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडले तर ती वाचता येते. रीतसर बंद झाल्याची नोंद १०७४ क्रमांकाखाली सापडते, आणि कुणी बंद केले तेही तिथे असते. अचानक बंद झाल्याच्या नोंदी ६००८ आणि ४१ या क्रमांकांच्या. मात्र ४१ क्रमांक पाहून 'दोष सापडला' असे समजू नये. मागच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नव्हते, एवढेच तो पुन्हा सुरू झाल्यावर सांगतो. घटनेनंतर आलेला साक्षीदार तो, त्याने चोर पाहिलेला नसतो.

आठ दिवसांत वहीत एकवीस नोंदी झाल्या. सगळ्या तिसऱ्या प्रकारच्या, एका क्षणात विझण्याच्या. त्यांतल्या तेरा दुपारी एक ते पाच या वेळातल्या. बंद पडल्यावर लगेच चालू केला तर पाच-दहा मिनिटांत पुन्हा बंद, अर्धा तास थांबले तर बराच वेळ चालू. उरलेल्या आठ कोणत्याही वेळच्या, अगदी सकाळच्या गारव्यातल्याही. आणि त्या आठांच्या पुढे शेवटच्या रकान्यात एकच शब्द आठ वेळा लिहिलेला होता, झेरॉक्स. वही बघून भाचा म्हणाला, "मामा, हे दोन आजार हायेत की!" नऊने भाग जातो की नाही हे पाहणाऱ्या हेडक्लार्कची नजर त्याला आठ दिवसांत आली होती.

तेरा नोंदींचा आजार उष्णतेचा. ज्या खोक्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो, त्याच्या आत खरा सीपीयू असतो तो काडेपेटीपेक्षाही लहान. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि ठोकळ्यावर पंखा. दोघांच्या मध्ये एक पेस्ट असते, ती उष्णता चिपेकडून ठोकळ्याकडे नेते. वर्षे लोटली की ती वाळून खडूसारखी होते. प्रोसेसरचे तापमान वाढू लागले की तो आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही, सुमारे शंभर अंशांच्या आसपासची हद्द ओलांडली, की जळून जाण्याऐवजी यंत्र बंद करायला लावतो. म्हणजे जे आपल्याला बिघाड वाटते, ते त्याचे शहाणपण असते. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या संस्थेने एक चाचणी चित्रित केली होती. चालू प्रोसेसरवरचा ठोकळा काढून घेतला. पेंटियम ४ मंदावला, पण तगला. त्या वेळचा एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून संपला. पुढे हे आत्मरक्षण सगळीकडे आले. तेव्हा दुपारी बंद पडणारा संगणक आपला जीव वाचवत असतो, आणि आपण त्याला पुन्हा पुन्हा चालू करून त्याच विस्तवात ढकलत असतो.

खोके उघडले तेव्हा आत पिवळट धुळीचा नमदा बसला होता. या भागात उन्हाळ्यात हळद वाळते, पॉलिश होते. त्याआधी सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि कापसाची तुसे. रस्त्याची माती तर बारमाही. पंखा हवा ओढतो तेव्हा हे सगळे गाळणीसारखे पात्यांत अडकते. प्लग काढून खोके अंगणात नेले. रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर ते भन्नाट फिरते आणि त्याचे बेअरिंग जाते. जुनी पेस्ट पुसून तुरीच्या डाळीएवढी नवी लावली. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके शाळकरी खोडरबराने पुसली. दुरुस्तीच्या दुकानातला हा जुनाच उपाय. खोके जमिनीवरून उचलून स्टुलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवले. नव्या पेस्टच्या नळीपलीकडे खर्च नाही. दुपारच्या नोंदी थांबल्या.

दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी आणखी एक परीक्षा घरच्या घरी करता येते. यंत्र सुरू होताना त्याच्या बायॉसमध्ये शिरावे. तिथे प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याची गती बहुधा दिसते. यंत्र तसेच चालू ठेवावे. तिथेही ते विझले, तर विंडोज आणि व्हायरस दोघेही निर्दोष सुटले असे समजावे, कारण ते तेव्हा जागेच झालेले नसतात.

आता उरल्या आठ नोंदी. खरी गोष्ट इथे आहे.

झेरॉक्स यंत्रात कागदावर शाई पक्की करणारा तापक असतो. तो मधूनमधून एकदम इस्त्रीएवढी वीज ओढतो. संगणक आणि झेरॉक्स एकाच बोर्डावर होते. तापक सुरू झाला की क्षणभर व्होल्टेज खाली जाई. हा क्षण किती लहान असतो? आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या करते, म्हणजे एक फेरी सेकंदाचा पन्नासावा भाग. एसएमपीएस २३० व्होल्टची वीज घेऊन आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देते. बाहेरचा पुरवठा तुटला तर पूर्ण भारावर ती सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागापुरती तग धरते, विजेची एक पूर्ण फेरीसुद्धा नाही. दिवा मिचकला हे आपल्या लक्षात येईपर्यंत संगणकाचा निकाल लागलेला असतो.

मग यूपीएस कशाला होता? तो हा खड्डा भरून काढायलाच होता. पण त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. या बंद बॅटऱ्या बहुधा दोन-तीन वर्षे टिकतात, पत्र्याखालच्या उकाड्यात त्याहून कमी. व्होल्टेज उतरले की यूपीएस इमानाने बॅटरीकडे वळायचा, तिथे काही नसायचे, आणि तो संगणकालाही घेऊन बुडायचा. राखणदार ठेवला होता, पण त्याच्या हातात काठी नव्हती. यूपीएसची परीक्षा सोपी असते. महिन्यातून एकदा, महत्त्वाचे काम नसताना, त्याचा भिंतीतला प्लग काढून बघायचे. दहा मिनिटे चालला तर ठीक. लगेच गेला तर बॅटरी बदला.

पण माझे समाधान होईना. एका झेरॉक्सने व्होल्टेज एवढे का पडावे? वायरमनला बोलावले. त्याने बोर्डाचे झाकण काढले आणि काही न बोलता मला जवळ बोलावले. न्यूट्रलच्या तारेचा स्क्रू सैल होता. तारेवरचे प्लास्टिक वितळून काळे पडले होते, आणि मागची लाकडी पट्टी कोळशासारखी झाली होती. "काका, अजून एखादा महिना गेला असता तर पेटलं असतं हे," तो म्हणाला.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सैल जोडात केवळ १ ओहम रोध आला आणि त्यातून ५ अँपिअर प्रवाह गेला, तर त्या एका टोकावर २५ वॉट उष्णता तयार होते. रेडिओवाल्याकडचे सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच ताकदीचे असते. भिंतीतल्या लाकडाला चिकटवून असे एखादे आयर्न रोज चालू ठेवल्यासारखे ते होते. 'मग एमसीबी का पडला नाही?' असे भाच्याने विचारले. प्रश्न रास्त होता. एमसीबी पडतो तो वाजवीपेक्षा जास्त प्रवाह वाहिला की. सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. म्हणून एमसीबी गप्प, फ्यूज गप्प, मीटर गप्प. त्या खोलीत एकच यंत्र ओरडून सांगत होते, आणि त्याला सगळे 'उगीच' म्हणत होते. एसएमपीएस बदलणाऱ्याने तर सांगणाऱ्याचाच गळा बदलला होता.

वायरमनने जोड नवे केले, झेरॉक्सला वेगळी लाइन दिली. जाता जाता अर्थिंगही पाहिले. खोक्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात अशी भाच्याची तक्रार होती. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधली थोडी वीज पत्र्यावर येऊन राहते, त्याच्या या मुंग्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी पडते, मग अर्थिंगच्या खड्ड्याची मातीशी असलेली सोयरीक तुटते. खड्ड्यात दर आठवड्याला घागरभर पाणी ओतायचे, हा नियम पूर्वी शाखेतला शिपाईही पाळत असे.

कुणी म्हणेल, एका संगणकाचे एवढे पुराण कशाला? त्याचे कारण बँकवाल्याला विचारा. रामरावांच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि शामरावांच्या खात्यात जमा होण्याआधी यंत्र विझले, तर ते पैसे कुठे आहेत? संगणकशास्त्रातल्या मोठमोठ्या डोक्यांनी याच प्रश्नावर आयुष्ये वेचली. जिम ग्रे यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो अशाच कामाबद्दल. उत्तराचा गाभा असा, की व्यवहार एकतर पुरा व्हावा किंवा मुळीच होऊ नये, आणि त्यासाठी करण्याआधी नोंद करावी. यंत्र मधेच विझेल हे गृहीत धरूनच बँकांच्या प्रणाली बांधल्या जातात. त्यामुळे बँकेचा हिशेब वाचतो. पण बाकावर बसलेल्या माणसाचा दिवस वाचत नाही. त्याच्यासाठी एवढेच करता येते: अर्ज भरताना यंत्र विझले तर घाईने दुसरा भरू नये, पैसे दुसऱ्यांदा देऊ नयेत. आधी अर्ज क्रमांक किंवा पैसे कापल्याचा संदेश तपासावा. अर्ज पोहोचला की नाही हे समोरच्या पडद्याला नव्हे, पलीकडच्या प्रणालीला ठाऊक असते.

प्रत्येक गावी भिंतीत जळकी तार सापडेल असे मी म्हणत नाही. कुठे मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांनी जगभर हजारो यंत्रे अशीच निकालात काढली. कुठे एसएमपीएस खरोखरच थकलेली असते, कुठे खोक्याचे बटणच आत अडकून राहते. पण यांतले काय आहे हे ठरवण्याचा क्रम असतो. आधी नोंद, मग धूळ, मग पंखा, मग वीज, आणि सुटे भाग बदलणे सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो, आणि त्याचा भुर्दंड ज्याला तो परवडत नाही त्यालाच बसतो. शहरातल्या कचेरीत एक यंत्र बंद पडले तर माणूस शेजारच्या टेबलावर जातो. बाळापूरच्या बाकावरच्या माणसाला शेजारचे टेबल नसते.

यात दुरुस्ती करणाऱ्या पोरांना दोष देऊन भागणार नाही. ज्याला भाग बदलण्याचे पैसे मिळतात आणि कारण शोधण्याचे मिळत नाहीत, तो भागच बदलणार. अर्धा तास शांतपणे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आपण मजुरी द्यायला लागलो, तर तो प्रश्नही विचारील. त्या वायरमनने जोड बांधण्याची मजुरी सांगितली, दोष शोधण्याची सांगितली नाही. ती भाच्याने स्वतःहून दिली, तेव्हा तो थोडा संकोचला होता.

वही अजून चालू आहे. आता तिच्यात आठवड्याला एखादी ओळ पडते, तीही बहुधा लाइट गेल्याची. पहिल्या पानावर भाच्याने माझ्या सांगण्यावाचूनच एक ओळ लिहिली आहे: 'बंद पडला तर आधी वेळ लिहा, मग बटण दाबा.'